दोन गावांच्या मधलं

वर्ध्याहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. थोडं आखडून देते.

"आम्ही चौघं दिवाळीच्या सुट्टीत तामिळनाडूला जायचं म्हणतोय. रेल्वेनेच. घरून निघून घरी परत येईपर्यंत ९ दिवस, मिस्टरांना त्याहून जास्त रजा नाही. त्यांनी यादी केली आहे: चेन्नई, महाबलीपुरम, पाँडिचेरी, जिंजी, तंजावर, मदुराई, रामेश्वर, कन्याकुमारी आणि उटी. फोनवर बहुतेक टप्पे तीन-चार तासांचे दिसतात, त्यामुळे सगळं बसतं असं त्यांचं म्हणणं. सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत, गुडघे दुखतात, त्यांना फक्त रामेश्वर हवं आहे. मुलगा सातवीत आहे, त्याला जिंजीचा किल्ला हवा आहे. त्याच्याबद्दलही विचारायचंय. तो तासन्‌तास एका खोट्या बेटाचे नकाशे काढत बसतो. गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवरही तेच. मिस्टर चिडतात, भारताचा नकाशा धड भरता येत नाही आणि नसलेली गावं वसवतोय म्हणतात. यादीवरून घरात रोज वाद होतात आणि हा कोपऱ्यात बसून नकाशा काढत असतो. काय करू?"

ताई,

तुम्ही दोन प्रश्न विचारलेत, मला ते एकच वाटले. तुमच्या घरात सहलीची यादी आहे, नकाशा नाही. आणि नकाशा काढण्याची आवड असलेलं जे एक माणूस घरात आहे, त्याला या सहलीबद्दल कोणी काही विचारत नाहीये.

आधी दिवसांचा हिशेब करू. सेवाग्रामहून चेन्नईच्या गाडीत बसलात की एक रात्र गाडीत जाते. येताना मदुराई ते नागपूर एक अख्खा दिवस आणि वर काही तास. म्हणजे ९ दिवसांतले दोन-अडीच दिवस रुळांवर गेले आणि मुक्कामाच्या रात्री उरल्या ६. यादीत गावं आहेत ९. हा हिशेब मिस्टरांना ऐकवू नका, कागदावर मांडून समोर ठेवा. ऐकवलं की वाद होतो, मांडलं की माणूस स्वतःच बोट ठेवून मोजायला लागतो.

आता फोनचं. फोन खोटं सांगत नाही, पण तो सांगतो तो फक्त चाक फिरण्याचा वेळ. खोली सोडणं, बिल चुकतं करणं, चार माणसांच्या बॅगा डिकीत बसवणं, वाटेत नाश्ता, सासूबाईंना दर दीड तासाने पाय मोकळे करू देणं, नव्या गावात हॉटेलची गल्ली सापडेपर्यंत दोनदा वळसा घालणं, हे त्यात कुठेच नसतं. वयस्क माणूस बरोबर असेल तर फोनच्या वेळात त्याच्या निम्मा वेळ आणखी धरावा. तीन तास दिसले तर साडेचार. आणि तामिळनाडूत आणखी एक गोष्ट आहे, जी महाराष्ट्रातून जाणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. तिथली बहुतेक मोठी देवळं दुपारी बंद असतात. तंजावरचं बृहदीश्वर साडेबाराला बंद होतं ते चारला उघडतं. मदुराईतही तसंच. दुपारी एकला तुम्ही मोठ्या उत्साहाने पोचलात तर समोर बंद दार आणि पायाखाली तापलेली फरशी. म्हणून देऊळ बंद असण्याची वेळ हीच प्रवासाची वेळ करायची: सकाळी एक देऊळ, दुपारी गाडी, संध्याकाळी पुढच्या गावात.

हे सगळं यादीत दिसत नाही, कारण यादीत गावाखाली गाव येतं आणि मध्ये काहीच नसतं. सहल थकवते ती याच मधल्या भागात. म्हणून हॉटेल, गाडी, काहीही ठरवायच्या आधी मुलाला ग्राफ पेपर आणून द्या आणि शाळेच्या ॲटलासवरून तामिळनाडू काढायला सांगा. १ सेंटिमीटरला २५ किलोमीटर असं प्रमाण धरलं तर चेन्नईपासून कन्याकुमारीपर्यंत सरळ रेषा साधारण २५ सेंटिमीटरची होते, एका कागदात बसते. यादीतली नऊ गावं ठिपक्यांनी मांडायची. दोन ठिपके जोडणाऱ्या रेघेवर पेन्सिलीने दोन आकडे, किलोमीटर आणि तुमचे वाढवलेले तास. ठिपक्याखाली मुक्कामाच्या रात्री. रात्रींची बेरीज ६ च्या वर गेली की खोडायचं. पेन्सिलच वापरा, पेन नको.

तो कागद पुरा व्हायच्या आतच दोन गोष्टी दिसतील. पाँडिचेरी, चिदंबरम, तंजावर ही गावं किनाऱ्याने खाली उतरत जातात, रामेश्वर पूर्वेला समुद्रात घुसलेलं आहे आणि मदुराई तिथून परतीच्या वाटेवर. ही एक सलग वाट आहे. कन्याकुमारी मात्र पार तळाला आहे. रामेश्वरहून रस्त्याने ३०० किलोमीटरच्या वर, आणि तिथून मदुराईला परत यायला आणखी जवळजवळ २५०. एका सूर्योदयासाठी दोन दिवस. उटी तर पश्चिमेच्या कडेला, नीलगिरीत, घाट चढून. ही दोन्ही गावं सुंदर आहेत आणि दोन्ही या सहलीतली नाहीत. मी हे म्हटलं तर तो सल्ला झाला. मुलाच्या कागदावर मिस्टरांनी स्वतः पाहिलं तर तो त्यांचा निर्णय होईल, आणि त्यावर पुन्हा भांडण होणार नाही.

मुलाबद्दल मी थोडं जास्त लिहिणार आहे, कारण तुमची खरी काळजी तिथे दिसते.

नकाशा भरणं आणि नकाशा काढणं ही वेगळी कामं आहेत. भरताना आठवावं लागतं, काढताना ठरवावं लागतं. त्याच्या बेटावर एखादी नदी असेल तर ती कुठल्या डोंगरातून निघते ते त्याला विचारा. बंदर इथेच का, गाव नदीच्या या काठाला का, रस्ता डोंगराला वळसा का घालतो, तेही विचारा. माझा अंदाज आहे की त्याच्याकडे उत्तरं तयार असतील. खोट्या बेटावरही पाणी उताराकडेच वाहतं, आणि ज्या मुलाला हे सांभाळावंसं वाटतं त्याचा भूगोल कच्चा आहे असं मी म्हणणार नाही. गणिताच्या वहीचं मात्र मिस्टरांचं बरोबर आहे. नकाशांना वेगळी वही द्या, जाड कागदाची, त्याच्या आवडीची. वही मिळाली म्हणजे घराने त्या कामाला मान्यता दिली असं मुलांना वाटतं.

रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन १८८१ साली स्कॉटलंडमधल्या ब्रेमार या गावी पावसात अडकले होते. तिथे सावत्र मुलाबरोबर चित्रं रंगवताना त्यांनी एका बेटाचा नकाशा काढला. 'ट्रेझर आयलंड' ही कादंबरी त्या नकाशातून सुचली. पुढे तो मूळ नकाशा प्रकाशकाकडे जाताना हरवला आणि त्यांना लिहून झालेल्या पुस्तकातला एकेक उल्लेख तपासत, त्याला जुळेल असा नकाशा पुन्हा काढावा लागला. त्यांनी लिहून ठेवलंय की हे काम फार जिकिरीचं होतं, आणि झालेला नकाशा त्यांना कधीच आपल्या बेटाचा वाटला नाही. नकाशावरून गोष्ट रचता येते, उलटं करायला गेलं की ओढाताण होते. तुमच्याकडे आत्ता हीच ओढाताण चालली आहे: यादी आधी झाली आणि आता तिला जुळेल असा रस्ता शोधणं चाललंय.

सासूबाईंनाही या कागदाशी बसवा. रामेश्वरच का, हे त्या नातवाला सांगू शकतील. सेतूची वाळू काशीला न्यायची, काशीची गंगा रामेश्वराला आणायची, हा एक नकाशाच आहे, अख्ख्या देशावरचा, पायी चालणाऱ्यांनी आखलेला. पोथ्या ऐकलेल्या असतील तर जंबूद्वीप त्यांना ठाऊक असेलच. मध्ये मेरू, भोवती खाऱ्या पाण्याचा समुद्र, त्यापलीकडे उसाच्या रसाचा, मग तुपाचा, दह्याचा, दुधाचा. नातवाला हे काढायला फार आवडेल, आणि आजीला ते सांगायला.

नकाशे काढणाऱ्यांची एक जुनी चूक मला या सहलीच्या निमित्ताने सांगावीशी वाटते. जेम्स रेनेल हे ईस्ट इंडिया कंपनीचे बंगालमधले मोजणी अधिकारी, १७८२ साली हिंदुस्तानचा नामांकित नकाशा करणारे. त्यांनीच १७९८ मध्ये पश्चिम आफ्रिकेच्या नकाशावर काँग नावाची लांबच लांब डोंगररांग दाखवली. नायजर नदी दक्षिणेच्या समुद्राकडे न जाता पूर्वेला का वळते याला काहीतरी कारण हवं होतं, आणि तिथला प्रदेश कोणी पाहिला नव्हता. पुढची जवळजवळ ९० वर्षं एकाचं पाहून दुसरा ते डोंगर काढत राहिला. शेवटी लुई बिंजे हा फ्रेंच अधिकारी तिथे जाऊन आला आणि १८८९ मध्ये त्याने सांगितलं की तिथे डोंगररांग नाहीच. कागदावरची कोरी जागा माणसाला सहन होत नाही, तिथे काहीतरी काढून टाकावंसं वाटतं. मिस्टरांच्या यादीत उटी तशीच आली असणार. पाचव्या दिवशी दुपारी काही नाही, असं दिसलं तर राहू द्या. तंजावरला जेवून पंख्याखाली दोन तास पडणं हाही सासूबाईंच्या सहलीचा भाग आहे.

आता तुमच्याच जिल्ह्यातली गोष्ट, जी मुलाला निघण्यापूर्वी नक्की सांगा. भारताच्या त्रिकोणमितीय मोजणीचं काम विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ साली चेन्नईजवळच्या सेंट थॉमस माउंटच्या परिसरात सुरू केलं. सुमारे १२ किलोमीटरची एक रेघ साखळीने जमिनीवर मोजली, आणि त्या रेघेवरून त्रिकोणांमागून त्रिकोण रचत ते दक्षिणभर फिरले. कोन मोजायचं यंत्र, थिओडोलाइट, अर्ध्या टनाचं होतं. ते उंचावर न्यावं लागे, म्हणजे दूरचं टेकाड दिसेल. तंजावरच्या सपाट भातशेतीत टेकाड कुठून येणार? म्हणून १८०८ मध्ये ते यंत्र दोरांनी बृहदीश्वराच्या मंदिरावर चढवायला घेतलं. दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळलं आणि ज्या पितळी चक्रावर अंश कोरलेले होते ते वाकलं. लॅम्बटन यांनी तंबूत स्वतःला कोंडून घेतलं आणि कित्येक आठवडे खपून ते चक्र पुन्हा गोल केलं. त्याच यंत्राने पुढचं काम झालं. हेच लॅम्बटन मोजणी करत करत उत्तरेला सरकले आणि १८२३ च्या जानेवारीत हिंगणघाटला वारले. त्यांची कबर तिथेच आहे, तुमच्यापासून तासाभराच्या वाटेवर.

निघण्यापूर्वीच्या एका रविवारी मुलाला तिथे घेऊन जा. तुमची चेन्नईची गाडी हिंगणघाटवरूनच जाणार आहे. आयुष्य वेचून तो माणूस ज्या दिशेने वर आला, त्याच्या उलट तुम्ही एका रात्रीत उतराल. आणि तंजावरला पोचाल तेव्हा मुलाला विचारा, दोर कुठे बांधला असेल. गाभाऱ्यावरचं शिखर, त्याला तिथे विमान म्हणतात, ६० मीटरहून उंच आहे, राजराज चोळाने १०१० च्या सुमाराला बांधून पुरं केलेलं. तो बराच वेळ मान वर करून उभा राहील, त्याला घाई करू नका. त्याच मंदिराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी कोरून घेतलेला भोसल्यांचा मराठी लेख आहे. तामिळ देशात दगडावर मराठी वाचताना सासूबाईंनाही बरं वाटेल.

वाट मला अशी दिसते. चेन्नईला सकाळी उतरवणारी गाडी बघा आणि शहरात न रेंगाळता तिथूनच भाड्याची गाडी करून किनाऱ्याच्या रस्त्याने निघा. महाबलीपुरमला मुक्काम नको, दोन-तीन तास पुरतात. रात्री पाँडिचेरी. तिथे दोन रात्री, कारण जिंजी तिथून ७० किलोमीटरच्या आसपास आहे आणि सामान न हलवता एका दिवसात होते. जिंजीला पहाटे निघा. तिथला राजगिरी हा डोंगर चढायला पायऱ्या खूप आहेत आणि ऊन लागतं. मुलगा आणि मिस्टर वर जातील. वरच्या टोकाशी कड्याला खोल भेग आहे आणि तिच्यावर पूल, मुलाने आपल्या बेटावर काढली असती अशीच जागा. तुम्ही आणि सासूबाई खाली कल्याणमहाल, कोठारं बघत सावलीत बसा. शिवाजी महाराजांनी १६७७ मध्ये घेतलेला हा किल्ला रायगड पडल्यावर राजाराम महाराजांची राजधानी झाला आणि १६९८ पर्यंत मोगलांना झुंजवत राहिला. २०२५ मध्ये मराठ्यांचे जे १२ किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले त्यांतला महाराष्ट्राबाहेरचा हा एकच. तीन डोंगर आणि त्यांना जोडणारा तट, असा त्रिकोणी पसारा आहे. मुलाची वही इथे बरोबर हवीच.

मग वाटेत चिदंबरम करून तंजावर, दोन रात्री. कुंभकोणम ४० किलोमीटरवर आहे, जावंसं वाटलं तर जा, नाहीतर सरस्वती महाल ग्रंथालय आणि राजवाडा पाहून दुपारी झोपा. तिथून रामेश्वर, दोन रात्री. हा मुक्काम एका रात्रीचा करू नका. बावीस तीर्थांचं स्नान म्हणजे एका विहिरीपासून दुसरीकडे ओल्या अंगाने चालणं, ओली फरशी, गर्दी, आणि मग कपडे बदलून दर्शन. सासूबाईंचा तो एक दिवस पूर्ण त्यांचा असू द्या. त्यांना सगळ्या विहिरी झेपल्या नाहीत तर समुद्रस्नान आणि दर्शन पुष्कळ आहे. रामेश्वरच्या बेटाच्या टोकाला असलेल्या धनुष्कोडीला संध्याकाळी न जाता सकाळी किंवा दुपारी जा, अंधारात तिथे थांबता येत नाही. १९६४ च्या डिसेंबरातल्या वादळापर्यंत तिथे रेल्वे जात होती, पुढे बोटीने सिलोन. आता स्टेशनच्या आणि चर्चच्या भिंती उरल्या आहेत. जुन्या नकाशावर गाव आहे आणि जागेवर वाळू, हे मुलाला प्रत्यक्ष दिसेल.

भाड्याची गाडी रामेश्वरला सोडून द्या आणि मदुराईला रेल्वेने या. वेळ जुळली तर पांबनचा नवा पूल, एप्रिल २०२५ मध्ये सुरू झालेला, दोन किलोमीटरहून थोडा जास्त, दोन्ही बाजूंना पाणी. गाडीवाला परतीचे किलोमीटर लावेल, ते आधीच बोलून घ्या आणि चालकाचा रोजचा भत्ताही. मदुराईला मीनाक्षी संध्याकाळी करा. आत मोबाईल नेता येत नाही, तो आणि सामान कुठे ठेवायचं ते आधी ठरवा. रात्री परतीची गाडी.

एक काळजी मात्र मला वाटते. आपल्याकडे दिवाळीला पाऊस संपलेला असतो, तिथे तेव्हा सुरू होतो. तामिळनाडूचा वर्षभरातला जवळजवळ निम्मा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरात पडतो आणि वादळंही याच महिन्यांत येतात. रजा हलवता येत असेल तर जानेवारीत, पोंगलची गर्दी ओसरल्यावर जाणं मी पसंत करीन, शाळेचे चार-सहा दिवस बुडाले तरी. मुख्याध्यापकांना आधी पत्र द्या. दिवाळीतच जायचं असेल तर रद्द करता येणाऱ्या खोल्या घ्या, आणि रामेश्वरच्या दुसऱ्या रात्रीला हात लावू नका. समुद्र खवळला आणि पुलावरची गाडी थांबली तर तोच तुमच्या हाताशी असलेला वेळ आहे. रस्त्याने मदुराई मग पावणेदोनशे किलोमीटरच्या आत आहे.

तिकिटं काढताना उलटीकडून सुरुवात करा. मदुराईहून नागपूरला थेट येणाऱ्या गाड्या रोज नाहीत, आठवड्यातल्या ठरावीक दिवशीच असतात. आधी तो वार बघा, त्यावरून निघायचा दिवस मागे मोजा. आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं, १२० नाही, तर ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि उघडेल त्या सकाळीच बसा. सासूबाईंसाठी ज्येष्ठांच्या कोट्यातली खालची बर्थ मागा. फोनवर तामिळनाडूचा नकाशा घरच्या इंटरनेटवर उतरवून घ्या, कारण जिंजीच्या डोंगरावर रेंजचा भरवसा नाही.

मुलाने ग्राफ पेपरवर काढलेला नकाशा मला पाठवलात तर फार आवडेल. त्याच्या बेटाचाही पाठवा, नदीच्या उगमासकट.